लोरेदाना सध्या खाली असते

३ जून, सकाळ

निर्णय पक्का. आजपासून मी गाइड.

अधिकृत नव्हे. पण अधिकृत गाइड मी पाहिलेत. हातात छत्री उंच धरून चालतात आणि लोकांना मागून हाकतात. मी उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूल चालवलं आहे. समोरच्याने कुठे बघावं, कुठे थांबावं, कुठे वळावं, हे सांगण्यात माझा हात धरणारा इटलीच्या अख्ख्या मार्के प्रांतात कोणी नसेल.

आमच्या मोंतेसाल्वोला काय कमी आहे? तट आहे, वेस आहे, घंटाघर आहे, खाली समुद्र पसरलेला आहे. पण पर्यटक थेट खाली किनाऱ्यावरच्या मरीनाला उतरतात, वाळूत पालथे पडतात आणि मान वर करून म्हणतात, डोंगरावरचं ते गाव किती सुंदर. वर यायचं म्हटलं की यांचे पाय दुखतात.

माझ्या बायकोचे, लोरेदानाचेही दुखतात. म्हणून ती सध्या खाली असते, मरीनाला, बहिणीकडे. मार्चमध्ये आठवडाभरासाठी म्हणून गेली. वरच्या गावात जिकडेतिकडे पायऱ्या, आणि तिचे गुडघे हे असे. शिवाय इथे आता माणसं उरली नाहीत, आणि तिला माणसं लागतात. टूर जोरात सुरू झाल्या, चौकात चार डोकी दिसू लागली, की येईलच परत. अर्थात तिच्यासाठी मी हे करतोय असं नाही. गावासाठी करतोय.

५ जून

बोर्ड रंगवला. ‘मास्तरांसोबत समुद्र ते डोंगर’. खाली बसस्टॉपवर लावून आलो. अक्षरं शेवटी थोडी दाटली, त्यामुळे ‘डोंगर’ लांबून नीट दिसत नाही. जवळून दिसतं.

येताना लोरेदानाला फोन केला, बोर्डाचं सांगायला. व्हिल्माने उचलला. व्हिल्मा म्हणजे तिची बहीण. पन्नास वर्षांपूर्वी मी हिला सोडून धाकटीला मागणी घातली, तेव्हापासून माझ्याशी बोलताना घाईत असते. म्हणाली, लोरेदाना बाहेर गेलीय. सकाळी नऊला? म्हणाली, हो, सकाळी नऊला, लोक जातात सकाळी नऊला बाहेर. मी म्हटलं, गुडघ्यांचं काय? म्हणाली, गुडघे पण गेलेत सोबत.

असली बाई आहे. बरं झालं धाकटीला मागितलं.

९ जून

पहिली टूर. वेळ दहाची. दहापर्यंत कोणी आलं नाही, तेव्हा थोडं थांबलो. बस आली, तीतून फादर उतरले आणि एक कुत्रा उतरला. कुत्रा फादरांचा नव्हता.

जिल्दाच्या बारमध्ये जाऊन कॉफी घेतली. वरच्या गावात आता एवढं एकच दुकान उरलंय. कॉफी, ब्रेड, वर्तमानपत्र, गॅसची टाकी, सगळं तिच्याकडेच. जिल्दा म्हणाली, नेनो, अरे रविवारी फादरांच्या प्रार्थनेला चार म्हाताऱ्या येतात, तिथे स्वर्ग मिळतो. तुझ्याकडे काय मिळणार? मी म्हटलं, दृश्य. म्हणाली, दृश्य माझ्या खिडकीतून पण दिसतं, आणि सोबत कॉफी मिळते.

धंद्याची दृष्टी नाही बाईला. पण विचार करण्यासारखं आहे. टूरच्या शेवटी कॉफी ठेवावी.

१४ जून

आले! हॉलंडचं जोडपं. खरं म्हणजे ते शौचालय शोधत वर आले होते, पण मी ते टूरच्या मार्गातच घेतलं.

सगळं दाखवलं. वेस, तट, सार्वजनिक विहीर, समुद्री चाच्यांवर जिथून उकळतं तेल ओतत ते भोक. (तेल ओतल्याचा पुरावा नाही, पण भोक आहे.) मी बोलत होतो आणि ते ऐकत होते. फार दिवसांनी इतकं बोललो. घसा बसला. तासाभराने बाईंनी अगदी नम्रपणे विचारलं की आता आम्ही थोडं शांत बसून बघू का. मी म्हटलं, बसा ना, आणि ते ज्या कठड्यावर बसले त्या कठड्याचा इतिहास सांगितला.

लोरेदानाही असंच म्हणायची. थोडा वेळ गप्प बसून बघू या का. काही बायकांना इतिहासात गती नसते.

संध्याकाळी तिला फोन. या वेळी तिनेच उचलला. हॉलंडवाल्यांचं सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, छान. मग म्हणाली, नेनो, भाजी करपेल, ठेवते. मोठ्या उत्साहाने बोलली असं वाटलं.

२१ जून

दोन टूर रद्द. एक उन्हामुळे. दुसरी कोणी न आल्यामुळे. ऊन होतंच पण.

संकल्प: कमी बोलायचं. एका ठिकाणी जास्तीत जास्त तीन वाक्यं.

२२ जून

तीन वाक्यांत घंटाघर होत नाही. संकल्प स्थगित.

२ जुलै, दुपार

खाली मरीनाला गेलो, बाजाराचा अभ्यास करायला. म्हणजे पर्यटक काय करतात ते बघायला. वाटेत आमच्या समुद्रस्नानाच्या ठिकाणी डोकावलो, कारण ते वाटेतच आहे. थोडा वळसा घालून.

वाळूत भाड्याने घेतलेली आमची छत्री तिसऱ्या रांगेत. लग्न झाल्यापासून तीच. पहिल्या रांगेत डॉक्टर, वकील बसतात, दुसऱ्या रांगेत त्यांचे जावई. तिसरी आमची, आणि तिथून कोणी आम्हाला हलवू शकत नाही. छत्रीखाली व्हिल्मा शब्दकोडं सोडवत बसली होती. शेजारची खुर्ची रिकामी, तिच्यावर लोरेदानाचा टॉवेल. मी त्या खुर्चीवर जरा टेकलो. व्हिल्माने वर न बघता सांगितलं, ती क्लासला गेलीय, वाट बघून उपयोग नाही.

क्लास कसला, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उघड आहे. गुडघ्यांचा. पाण्यात उभं राहून पाय हलवायचे असतात, टीव्हीवर दाखवतात. गुडघे बरे करण्यामागे हेतू काय असणार? पायऱ्या. पायऱ्या कुठे आहेत? वर.

हे व्हिल्माला बोलून दाखवलं नाही. आनंद मनातच ठेवला. परतीच्या बसमध्ये जागा नव्हती, उभ्याने आलो.

११ जुलै

मार्चमधल्या त्या सकाळचा विचार करत होतो. उगाच. बसची वाट बघत आम्ही वेशीत उभे होतो, तिची बॅग माझ्या हातात. वेळ जावा म्हणून मी तिला वेशीवरच्या दगडी सिंहाबद्दल सांगत होतो. ती म्हणाली, नेनो, तू तिकडचा, आत डोंगरातल्या गावचा. मी या वेशीच्या आत जन्मले. पन्नास वर्षं तू मला माझंच गाव दाखवतोयस.

तेव्हा बस आली. त्यामुळे उत्तर द्यायचं राहिलं. उत्तर असं आहे की बाहेरच्या माणसाला जास्त नीट दिसतं.

२१ जुलै

भव्य योजना अमलात. ‘एका दिवसात सात गावं’. वरची चार, किनाऱ्यावरची तीन. गाडी माझी, जुनी शाळेचीच, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली. पर्यटक: जर्मनीच्या निवृत्त शिक्षिका, फ्राउ हेनिंग. एकट्याच. मागे बसा म्हटलं तर म्हणाल्या, मला मागे मळमळतं.

पहिल्या गावापर्यंत उत्तम. दुसऱ्या गावाच्या उतारावर, अगदी केसाच्या पिनेसारख्या वळणावर, मी डावीकडे हात करून त्यांना बाराव्या शतकातलं चर्च दाखवत होतो. त्यांनी ब्रेक मारला. त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर दोन्ही पाय ठेवून उभ्याच राहिल्या. गाडी थांबली. मागून कलिंगडांचा टेम्पो येत होता, तोही थांबला, बऱ्यापैकी वेळेत.

मग आम्ही रस्त्याकडेला बसून फुटलेली कलिंगडं खाल्ली. टेम्पोवाला खूप बोलला. त्यातलं अर्धं मी फ्राउ हेनिंगना भाषांतर करून सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, माझे पती असेच गाडी चालवायचे, दोन्ही हातांनी बोलत. मी विचारलं, आता नाही चालवत? म्हणाल्या, आता नाहीत.

कलिंगड गोड होतं. त्यांना आणखी एक फोड दिली.

पाच गावं राहिली. पण गुणवत्ता महत्त्वाची.

२२ जुलै

लोरेदानालाही मी याच गाडीत शिकवायला घेतलं होतं, लग्नानंतर. नंतर पुन्हा एकदा, मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा. जमलं नाही. स्वभावच नाही तिचा. ती वळण घ्यायच्या आधी मला ब्रेक दाबावा लागायचा. दर वेळी. तिने एकदा विचारलंही होतं, की एकदा न दाबता बघ ना काय होतं. बघायचं काय त्यात? मी होतो म्हणून ती आज जिवंत आहे.

१५ ऑगस्ट, दुपार

फेर्रागोस्तो, भर उन्हाळ्यातला सण. आज इटलीत घरात कोणी थांबत नाही. वरच्या गावातले उरलेलेही सगळे खाली समुद्रावर गेले. जिल्दानेही शटर ओढलं. जाताना मला म्हणाली, चल की रे, माझ्या मुलाच्या गाडीत जागा आहे. मी म्हटलं, मला काम आहे. सणाच्या दिवशी पर्यटक असतात, गाइडने जागेवर असावं.

शिवाय लोरेदाना आज येईल असा माझा अंदाज होता. गेली कित्येक वर्षं फेर्रागोस्तोला ती थरांचा पास्ता करते आणि तळलेली भरली ऑलिव्हं. यंदा पास्ता मी जिल्दाकडून आदल्या दिवशी आणून ठेवला. ऑलिव्हं मीच तळली. काही फुटली, पण आतलं सारण चवीला तेच. गच्चीवर टेबल मांडलं. दोन ताटं. दुसरं यासाठी की टेबलक्लॉथ वाऱ्याने उडू नये.

तीन वाजले. खाली समुद्रावर छत्र्यांचे ठिपके दिसत होते, तिसरी रांग इतक्या लांबून ओळखू येत नाही. दुर्बीण लावली तरी येत नाही.

गावात इतकी शांतता होती की फ्रिजचा आवाज गच्चीवर येत होता. मी तटावरून एक फेरी मारली, सगळी स्थळं एकट्यानेच. वेशीत उभं राहून सिंहाबद्दल दोन वाक्यं म्हणून पाहिली, आवाज कसा जातो ते तपासायला. चांगला जातो. परत येतो.

फार एकटं वाटलं. लिहून टाकलं की संपतं, म्हणून लिहितोय.

पास्ता उरलाय. उद्या, परवा होईल.

२ सप्टेंबर

आजचा प्रसंग नीट लिहून ठेवायला हवा, कारण माझ्या हजरजबाबीपणाचा तो नमुना आहे.

सकाळी स्वीडनचं एक कुटुंब विहिरीपाशी ऐकत उभं होतं. चौघंजण! मी ऐन रंगात. तेवढ्यात वळणावरून पालिकेचा पोलीस येताना दिसला. सांद्रो क्विंत्सी. माझाच विद्यार्थी, क्लच सोडायला तीन महिने लागलेला. विना परवाना गाइडगिरीला दंड आहे. मी लगेच स्वीडनवाल्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि सांद्रोला सांगितलं, हे माझे चुलत भाऊ, गावाला आलेत. सांद्रोने त्या पिवळ्या केसांच्या सहा फुटी माणसांकडे पाहिलं. म्हणाला, मास्तर, तोंडवळा अगदी तुमचा आहे.

मग म्हणाला, मी त्यासाठी नाही आलो. जरा घरी बसू या?

चुलत भाऊ निघून गेले. आम्ही घरी आलो. सांद्रोने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि घराचं छत बघू लागला. म्हणाला, काकूंनी पत्ता बदलायचा अर्ज दिलाय. मरीनाचा, व्हिल्माबाईंचा. पत्ता बदलला की आम्हाला जाऊन बघावं लागतं, माणूस खरंच तिथे राहतो का. मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा दाराला कुलूप. तेव्हा म्हटलं, वर विचारून यावं, अजून इथेच तर नाहीत ना.

हे सगळ्यांना माहीत असतं. पालिकेचा माणूस येतो, बिछाना बघतो, दात घासायचा ब्रश बघतो, शिक्का मारतो. नियमच आहे.

मी म्हटलं, अर्थात इथेच आहे. इथेच राहते.

तो म्हणाला, आत्ता कुठे आहेत?

ब्रेड आणायला गेलीय.

सांद्रो जिल्दाकडूनच आला होता. ब्रेडचं दुकान तेवढं एकच.

मग मी त्याला घर दाखवलं. पद्धतशीर, सुरुवातीपासून. ही तिची खुर्ची, खिडकीकडे तोंड केलेली, कारण शिवणाला उजेड लागतो. ही तिची घरातली चप्पल. खिडकीत तुळस, तिला रोज पाणी मी घालतो, पण तुळस तिची. हा तिचा चष्मा. सांद्रोने चष्मा उचलून बघितला, म्हणाला, मास्तर, याच्या काचेवर धूळ आहे. मी म्हटलं, जुना नंबर आहे. हा तिचा पलंगाचा भाग, भिंतीकडचा. उशी बघ, फुगवलेली आहे. मी रोज फुगवतो. म्हणजे ती फुगवते.

तो ऐकत होता. आतापर्यंतच्या सगळ्या टूरमध्ये इतकं लक्ष देऊन कोणीच ऐकलं नव्हतं.

दारात आल्यावर म्हणाला, मास्तर, मला तुम्ही सांगाल तेच लिहावं लागेल. मी लिहू, की त्या इथे राहतात? मी म्हटलं, लिही. तो म्हणाला, नक्की? म्हटलं, सांद्रो, तुला एकदा सांगितलेलं कधी कळलंय का? हँडब्रेक न सोडता गाडी काढणारा तू.

त्याने लिहिलं.

पत्ता बदलण्याचा तो व्हिल्माचा कट एका वाक्यात हाणून पाडला. हे व्हिल्माचंच डोकं. लोरेदाना असल्या कागदांच्या भानगडीत कधी पडली नाही, तिची सगळी कामं मीच करत आलो.

६ सप्टेंबर

जिल्दा आज माझ्याशी धड बोलली नाही. कॉफी बशीत सांडून पुढे केली. कारण विचारलं तर म्हणाली, ब्रेड न्यायला अजून आली नाही तुझी बायको, वाळून गेला ब्रेड.

सांद्रोच्या पोटात काही राहत नाही. पायाखाली क्लचही राहायचा नाही.

९ सप्टेंबर, संध्याकाळ

फोन वाजला. लोरेदाना! स्वतःहून! मार्चपासून तिने स्वतःहून केलेला हा पहिलाच फोन.

विचारलं, नेनो, तू सांद्रोला काय सांगितलंस? मी म्हटलं, जे आहे ते. मागे व्हिल्मा काहीतरी पुटपुटत होती. मग लोरेदाना म्हणाली, पुढच्या बुधवारी मी वर येते.

येते म्हणाली. वर येते. तिचे शब्द.

१२ सप्टेंबर

कामाला कमी नाही. जिन्याला कठडा बसवून घेतला, गुडघ्यांना आधार. भिंतीला चुना. तुळशीची वाळकी पानं काढली. चष्मा पुसला. जिल्दाला सांगितलं, बुधवारपासून ब्रेड दुप्पट. ती म्हणाली, बरं. कॉफीचे पैसे घेतले नाहीत, का कोण जाणे.

संकल्प: ती आल्यावर गाइडगिरी आठवड्यातून दोनच दिवस. उरलेले दिवस तिच्यासाठी. फक्त नव्याने सापडलेल्या गोष्टी तिला दाखवायच्या, एखादी दुसरी.

१५ सप्टेंबर

उद्या. बस दहा वाजून काही मिनिटांनी वेशीत येते. बॅगा घ्यायला हातगाडी मागून ठेवलीय. बहुधा दोन बॅगा असतील. व्हिल्मा काही भांडी देईल, तर तीन.

१६ सप्टेंबर

बसमधून उतरली नाही. बसमधून फादर उतरले.

मी हातगाडी घेऊन उभा. तेवढ्यात खालून एक छोटी हिरवी गाडी आली. तिसऱ्या गिअरमध्ये चढण, आवाजावरून ओळखलं, योग्य जागी दुसरा टाकला. वेशीतून आत आली. आमची वेस अरुंद आहे. उन्हाळ्यात तिथे निम्म्या गाड्यांचे आरसे जातात. ही गाडी न थांबता आत आली, चौकात गेली, आणि जिल्दाच्या दारासमोर दोन गाड्यांच्या मधल्या जागेत उलटी, एका दमात, लागली.

मी मनात म्हटलं, कोणीतरी नीट शिकवलंय.

लोरेदाना उतरली.

केस कापलेत. मी हातगाडी सोडली, ती उतारावरून थोडी गेली, फादरांनी धरली.

जिल्दाकडे कॉफी घेतली, उभ्याउभ्याच. लोरेदाना म्हणाली, जुलैत परीक्षा पास झाले. मरीनाच्या शाळेत. तिथली मुलगी शिकवते, काही बोलत नाही, नुसती बसते शेजारी. पहिल्याच दिवशी एका वळणावर मी घाबरले, तिच्याकडे बघितलं, तर ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग घेतलं वळण. नेनो, गाडी वळली रे.

हे सांगताना ती हसत होती. असं हसताना तिला मी कधी बघितलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

मग म्हणाली, माझं एक काम आहे. व्हिल्माच्या गल्लीत गाडी लावायचा पास फक्त तिथे राहणाऱ्यांना मिळतो. सांद्रोने लिहून टाकलंय की मी वर राहते. रोज गाडी मासळी बाजारामागे लावून चालत यावं लागतं, आणि माझे गुडघे तुला माहीत आहेत. तू त्याला खरं काय ते सांग.

मी म्हटलं, आधी जरा तटावरून फिरून येऊ या का? तटाची डागडुजी झालीय.

चल म्हणाली. आम्ही तटावरून चाललो. माझ्याकडे सांगण्यासारखं खूप होतं. पण त्या भोकापाशी, तेल ओतायच्या, ती थांबली आणि म्हणाली, लहानपणी याच्यातून आई टोपली सोडायची. बाबा होडीवरून थेट इथे तटाखाली यायचे, मासे टोपलीत टाकायचे आणि पुन्हा परत. वेशीतून यायला वेळ लागायचा ना. टोपली वर खेचायचं काम माझं आणि व्हिल्माचं. दोरीने हात सोलले की व्हिल्मा फुंकर घालायची.

पन्नास वर्षांत हे मला तिने सांगितलं नव्हतं. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, तू विचारलं नाहीस, तू तेल ओतत होतास.

टूरमध्ये घालायला हवं. टोपलीचं.

परत आलो तेव्हा सांद्रो बारबाहेर उभा होता. तिनेच बोलावलं असणार. टोपी हातात. जिल्दा कप पुसत होती, तोच तो कप. मला वाटलं, थोडं थांबतील, मला तयारी करू देतील. पण तिघंही माझ्याकडे बघत होते, आणि फादर हातगाडी धरून.

मी म्हटलं, लोरेदाना इथे राहत नाही.

सांद्रोने विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, मार्चपासून. मग वाटलं, आता सांगायचंच तर नीट सांगावं. म्हटलं, त्याच्याही आधीपासून असेल. मला कळलं नाही.

सांद्रो म्हणाला, तारीख मार्चचीच घालतो, मास्तर.

लोरेदानाने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. म्हणाली, रविवारी मासे असतात, खाली येत जा जेवायला, व्हिल्मा काही खात नाही तुला. घरात नाही आली. चप्पल, चष्मा, काही हवंय का विचारलं, तर म्हणाली, असू दे. असू दे म्हणाली ते बरं वाटलं. मग कळलं, तिला ते लागत नाही.

गाडीत बसली, आरसा बघितला, पट्टा लावला. मी काचेजवळ जाऊन सांगणार होतो की उतारावर सेकंड गिअरमध्येच राहा. नाही सांगितलं. ती सेकंड गिअरमध्येच गेली.

मी वेशीपर्यंत मागोमाग गेलो. पहिल्या वळणाला तिने इंडिकेटर दिला नाही. शाळेच्या सराव परीक्षेत एवढ्यावर मी लोकांना नापास केलंय. पण इंडिकेटर मागच्या गाडीसाठी असतो आणि मागे कोणी नव्हतं. मी होतो, पण मी पायी होतो.